थोरला, धाकटा आणि अकरा मिनिटं

धुकं इतकं दाट होतं की वेधशाळेची टेकडी चढताना तिला स्वतःची पावलंसुद्धा दिसत नव्हती. सवयीनं वाट काढत ती वर आली, फाटकाची कडी काढली आणि तिथेच थबकली. कुंपणाच्या आत, जिथे हवामानाची यंत्रं मांडलेली असतात, तिथे एक माणूस पांढऱ्या जाळीदार पेटीचं दार उघडून आत डोकं घालून उभा होता. त्या पेटीत तापमापी असतात. ठरलेल्या वेळेशिवाय, ठरलेल्या माणसाशिवाय तिचं दार कुणी उघडायचं नसतं, हे टेकडीवरच्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

"श्वास रोखा," ती मागून म्हणाली.

त्यानं खरंच रोखला. गाल फुगवून, डोळे मोठे करून तो वळला.

"तुमच्या श्वासानं पारा चढतो. दार लावा आधी."

त्यानं एका हातानं तोंड झाकलं, दुसऱ्या हातानं दार अलगद लावलं, चार पावलं मागे सरकला आणि मग भलामोठा सुस्कारा टाकला. किती चढला, असं त्यानं विचारलं. तिनं जाळीतून वाकून पाहिलं आणि अर्धा अंश म्हणून सांगितलं.

"एवढा...? मी तर अजून तुमच्याकडे बघितलंही नव्हतं."

बोलून गेला, आणि त्याचेच कान आधी लाल झाले. तिला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. नऊ वर्षं ती या वेधशाळेतले संगणक सांभाळत होती, आणि एवढ्यातेवढ्यावर विरघळणाऱ्यातली म्हणून तिची ख्याती नव्हती. वय एकतीस. घरी एकटे वडील, अण्णा, तेही याच वेधशाळेत निरीक्षक होते आणि आता निवृत्त झालेले. कचेरीत सगळे तिला ताई म्हणत, अगदी वीस वर्षांनी मोठे असलेले फुगेवाले काकासुद्धा, जे रोज सकाळी हवामानाचा फुगा आभाळात सोडत.

हा पाहुणा समुद्रकिनाऱ्यावरच्या केंद्रातून आला होता. तिथले संगणक तो बघायचा. काकांनी दुपारपर्यंत त्याचं नाव 'खलाशी' ठेवून टाकलं. खलाशीबुवांना टेकडीच्या वळणावर बस लागली होती, पायाला जमीन लागावी म्हणून ते एक थांबा आधीच उतरले, धुक्यात वाट चुकले आणि कुंपणात शिरले, अशी सगळी हकिकत त्यानं स्वतःच सांगितली. काका पोट धरून हसले.

त्याला का बोलावलंय ते मोठ्या बाईंनी, म्हणजे वेधशाळेच्या प्रमुखांनी, दोघांना समोर बसवून सांगितलं.

सगळ्या केंद्रांवरचे संगणक लिनक्स या प्रणालीवर चालत. त्यावर लागणारं सॉफ्टवेअर पॅकेजांमधून येतं, मोठ्या भांडारातून. आणि एक पॅकेज कधी एकटं येत नाही. लग्नाला एका मामांना बोलवावं आणि त्यांच्याबरोबर मामी, मामींची बहीण आणि बहिणीची दोन पोरं यावीत, तसा तो प्रकार. कोण कुणाबरोबर आलं, कुणाला कुठे बसवायचं, कोण जुनं झालं, कुणाला निरोप द्यायचा, हे सगळं बघणारं एक साधन असतं. अशी साधनं बरीच, सगळी ओपन सोर्स, म्हणजे ज्यांची घडण कुणालाही उघडून बघता येते अशी. टेकडीवर एक वापरात होतं, किनाऱ्यावर दुसरं. मोठ्या बाईंना आता सगळीकडे एकच हवं होतं. दोघांनी मिळून सहा आठवड्यांत तुलना करायची आणि अहवाल द्यायचा.

"नावं मात्र सांगू नका मला," बाई म्हणाल्या. "खोकल्याच्या औषधांची वाटतात."

म्हणून मग तिच्या साधनाचं नाव पडलं थोरला, कारण ते वयानं जुनं होतं. त्याच्या साधनाचं नाव धाकटा. आणखी तीन साधनं पहिल्याच आठवड्यात बाद झाली. एकाला जागाच इतकी लागे की किनाऱ्यावरचे म्हातारे संगणक गुदमरले असते, आणि उरलेल्या दोघांची गत फारशी निराळी नव्हती. राहिले हे दोघे भाऊ.

निघता निघता बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. थोरला निवडला गेला, तर कामं आहेत तशीच राहतील आणि खलाशी किनाऱ्यावर परत जाईल. धाकटा निवडला गेला, तर ते जाणणारा माणूस मुख्य केंद्रात लागणार, म्हणजे खलाशीनं टेकडीवरच राहायचं, निदान दोन वर्षं. त्या वेळी तिला वाटलं, बरं, म्हणजे सहा आठवड्यांत ही ब्याद जाईल. ब्याद असाच शब्द तिच्या मनात आला होता, लपवण्यात अर्थ नाही.

संगणकाची खोली लहानशी. एका भिंतीला सहा यंत्रं, एक लांब टेबल, एक खिडकी. खिडकीतून ढग सरळ आत डोकावायचे. पहिल्याच दिवशी तिनं नियम घातला, की आपल्या लेकराला कुणी कमी गुण देत नाही, म्हणून तिनं धाकट्याची परीक्षा घ्यायची आणि त्यानं थोरल्याची. त्यानं तो तक्रार न करता मान्य केला आणि टेबलाच्या बरोबर मध्यावर खडूनं एक रेघ मारली. ही सरहद्द, म्हणाला. दोन दिवसांत त्या रेघेवर चहाचे दोन पेले, एक कंगवा आणि त्याची वही असा बाजार भरला आणि रेघ पुसून गेली.

परीक्षा तरी किती तऱ्हेच्या! कोण लवकर आणतं, कोण कमी जागा घेतं, कोण नको असलेलं नीट काढतं, एखादी नवी आवृत्ती बिघडली तर जुनीवर कोण सुखरूप परत येतं. थोरला प्रत्येक गोष्ट आधी सांगायचा. हे आणतो, ते काढतो, इतकी जागा लागेल, करू का? मग 'हो' म्हटल्यावरच हात लावायचा. धाकटा पटापटा काम उरकायचा आणि बोलणंही मोजकंच. वेगात धाकटा सरळ पुढे होता, हे तिनं पहिल्या आठवड्यातच कागदावर कबूल केलं, थोडं नाक मुरडून.

"थोरला तुमच्यासारखाच आहे," एकदा खलाशी म्हणाला. "दहा वेळा विचारतो, मग हलतो."

"आणि धाकटा?"

"तो... विचारायलाच घाबरतो बहुतेक. म्हणून घाई करतो."

हे बोलताना तो पडद्याकडे बघत होता. पण पडद्यावर तेव्हा काहीच चाललेलं नव्हतं, आणि ते तिच्या लक्षात आलं होतं.

कशी कोण जाणे, पण ती सकाळी दहा मिनिटं लवकर निघू लागली. अण्णांनी विचारलं तर म्हणे, चढ आहे ना, दम लागतो. नऊ वर्षांत कधी लागला नव्हता. वर आलं की काका फुगा सोडत असायचे आणि खलाशी त्यांना दोरी धरायला मदत करत असायचा. पांढरा फुगा धुक्यात चढत जाई, आधी अंधूक, मग नुसता भास, मग तोही नाही... आणि ती दोघं तरीही माना वर करून उभी असत. काकांचं आवरून ते आत गेले तरी. अशा वेळी त्याचा खांदा तिच्या खांद्यापासून चार बोटांवर असे. ती चार बोटं तिला दिवसभर जाणवत राहायची.

आणि एक गोष्ट तिला फार उशिरा उमगली. अख्ख्या वेधशाळेत तो एकटाच असा होता, ज्यानं तिला एकदाही ताई म्हटलं नव्हतं. 'अहो' म्हणे, 'ऐका ना' म्हणे, नाही तर पेन टेबलावर वाजवून हाक मारी. तिनं मुद्दाम विचारलं, सगळे म्हणतात, तुम्हाला काय जड जातं? त्यानं पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाला, जड नाही जात, पण एकदा म्हटलं की मागे घेता यायचं नाही. त्या दिवशी तिनं एकच पॅकेज तीन वेळा उतरवून घेतलं आणि तिला पत्ताच नाही.

पाचवा आठवडा लागला. दोघांचे गुण जवळजवळ बरोबरीत आले होते. राहिली होती शेवटची परीक्षा. अपडेट चालू असताना मध्येच नेटची लाइन तोडायची, मग जोडायची, आणि यंत्र सावरून पुन्हा नोंदी पाठवायला लागेपर्यंत किती मिनिटं जातात ते मोजायचं. पाच वेळा. तो शेजारच्या खोलीत थोरल्याला घेऊन बसला, ती इकडे धाकट्याला.

धाकटा भांबावला. अर्धवट आलेली पॅकेजं त्यानं पुन्हा मोजली, पुन्हा मागवली, आणि उभा राहिला तो अकरा मिनिटांनी. दुसऱ्यांदाही अकरा. पाचही वेळा अकराच. तेवढ्यात भिंतीपलीकडून खलाशीचा आवाज आला, थोरल्याला चारच मिनिटं लागतात म्हणून. आवाजात कौतुक होतं.

अकरा आणि चार. म्हणजे थोरला जिंकला. तिचा थोरला, नऊ वर्षं जिवापाड सांभाळलेला. आणि तो जिंकला म्हणजे पुढच्या सोमवारी हा माणूस पोतडी उचलून टेकडी उतरणार. सकाळी फुग्याची दोरी काका एकटेच धरणार. टेबलावर एकच पेला. तिनं कागद पुढे ओढला. दोघांना चार-चार झाले तर वेगाच्या जोरावर धाकटा पुढे जातो, एवढा हिशोब तिच्या मनानं तिला न विचारताच करून ठेवला होता. तिनं धाकट्याच्या रकान्यात चार लिहिलं. अक्षर जराही हललं नाही.

वेधशाळेत पुष्कळ गोष्टी माफ असतात. उशीर माफ, भांडण माफ, मापाची बाटली फोडली तरी माफ. खोटा आकडा लिहिणं मात्र नाही. तिला हे बोलायला शिकण्याआधीपासून माहीत होतं.

संध्याकाळी घरी ती नुसतं ताटातलं चिवडत बसली. अण्णा समोर बसून गार झालेल्या ताटाकडे बघत होते. शेवटी तिनंच विचारलं, की अण्णा, तुम्ही कधी खोटा आकडा लिहिला होता का?

"एकदा," अण्णा म्हणाले. तिला वाटलं होतं ते रागावतील. "तुझी आई माहेराहून येणार होती. गाडी चुकू नये म्हणून पावसाचं माप न बघताच अंदाजानं लिहिलं आणि पळालो."

"मग? काय झालं?"

"काही नाही झालं. कुणाला कळलंच नाही." त्यांनी तिचं ताट स्वतःकडे ओढून झाकून ठेवलं. "कळलं असतं तर ओरडा खाऊन मोकळा झालो असतो. ती जाऊन सहा वर्षं झाली, तरी तिची आठवण आली की ते पान आठवतं बघ."

सकाळी ती धावतच टेकडी चढली. आकडा बदलायचा, त्याच्या येण्याआधी, एवढंच डोक्यात होतं. दार उघडलं तर तो आधीच बसलेला. पडद्यावर धाकट्याची रोजनिशी उघडी होती. ही साधनं काय केलं, कधी केलं, किती वाजून किती मिनिटांनी, ते सगळं आपलं आपण लिहून ठेवतात. नऊ वर्षं तीच येणाऱ्याजाणाऱ्याला हे कौतुकानं सांगत आली होती, आणि काल नेमकी तीच विसरली होती.

"कागदावर चार आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "इथे अकरा. पाचही वेळा. घाईत चुकलं म्हणावं, तर तुम्ही घाई करत नाही."

"चुकलं नाही. मी लिहिलं."

"का?"

खिडकीतून ढग आत आला होता. टेबल, यंत्रं, त्याचा चेहरा, सगळं जरा पुसट झालं होतं. त्या पुसटपणात सांगणं तिला सोपं वाटलं.

"थोरला जिंकला की तुम्ही जाणार. मला तुम्ही जायला नको होतं... नको आहे."

त्यानं रोजनिशी बंद केली. तिला रडू यायला लागलं, आणि कचेरीत आपण रडतोय याचा राग आला. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. चार बोटं नव्हती आता, दोन असतील.

"मीसुद्धा काल थोरल्याचे चार लिहिताना पेन धरून बसलो होतो," तो म्हणाला. "वाटलं, बारा लिहावेत. कोण बघतंय? इथे राहता येईल... रोज ही खिडकी, हा चहा, आणि तुम्ही. देवाशपथ, बारातला एक लिहूनही झाला होता."

"मग?"

"मग होड्या आठवल्या."

त्यानं तिला पहिल्यांदाच नीट सांगितलं. किनाऱ्यावर वारं सुटलं की लाइन दिवसातून दहादा तुटते. तेवढा वेळ केंद्राच्या नोंदी बंद, आणि नोंदी बंद म्हणजे वादळाची सूचना बंद. पहाटे गेलेल्या होड्या त्या सूचनेवर माघारी फिरतात. त्यातल्या एका होडीवर त्याचा मामा असतो. चार मिनिटं म्हणजे एखादी लाट अंगावर, पण अकरा मिनिटांत होडी उलटते.

"राहायचं तर मला इथेच आहे," तो म्हणाला. "तुमच्यापाशी. पण त्यांच्या जिवावर नाही राहता येणार. तुम्हालाही नाही जमायचं, मला माहिती आहे."

तिनं मान हलवली. नाही जमायचं, हे खरंच होतं. डोळे पुसून तिनं कागद पुढे घेतला. वेधशाळेत चुकलेला आकडा खोडून काढत नाहीत. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, वर खरा आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही. तिनं चारवर रेघ मारली, वर अकरा लिहिलं, सही केली. यंत्रांच्या पंख्यानं कागद उडत होता, म्हणून त्यानं तो कोपऱ्यात बोटानं दाबून धरला होता. सही झाल्यावरही त्यानं बोट काढलं नाही, आणि तिनं त्यावर आपला हात ठेवला.

शुक्रवारी मोठ्या बाई अहवाल वाचत होत्या. पानं उलटता उलटता त्या रेघेपाशी थांबल्या आणि चष्म्यावरून बघू लागल्या. तिनं सांगितलं, चूक माझी, आणि मुद्दाम केलेली. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कारण?"

खलाशीला एकाएकी खोकल्याची उबळ आली. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि चष्मा काढून पुसला. मग तिला चांगलंच सुनावलं. अण्णांच्या मुलीकडून ही अपेक्षा नव्हती, वर्षभर तुझ्या प्रत्येक नोंदीवर दुसऱ्याची सही लागेल, असं खडसावलं. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. आश्चर्य म्हणजे तिला बरं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं.

"थोरला," बाईंनी निकाल दिला आणि कागदाची घडी घातली. मग पुन्हा उलगडली. "पण मग किनाऱ्यावरची यंत्रं इथून बसून कशी बदलायची? लाइन दिवसातून दहादा तुटते म्हणून तुम्हीच लिहिलंय. थोरला जाणणारं माणूस तिथे जाऊनच बसायला हवं. ताई, इथली यंत्रं काही महिने मी बघायला लावेन कुणाला तरी. तुला किती दिवस लागतील?"

तिला आधी कळलंच नाही. पाच आठवडे ती एकाच बाजूनं मोजत बसली होती, कोण जाणार नि कोण राहणार. थोरला जिंकला तर आपल्यालाही जायला लागेल, हे तिच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

"आठ महिने," ती कशीबशी म्हणाली.

"वर्ष तरी लागेल," खलाशी म्हणाला.

"हे निरीक्षण की अंदाज?" बाईंनी विचारलं.

"अंदाज," तो म्हणाला आणि खाली बघू लागला.

"मग आठच."

दोघं बाहेर व्हरांड्यात आली. धुकं विरलं होतं, खाली गावाची छपरं उन्हात ओली चमकत होती. तो खांबाला टेकून उभा होता, ती पायरीवर बसली होती.

"आठ महिने जातील भर्रकन," तो म्हणाला. "मग यंत्रं संपतील... आणि तुम्ही परत याल."

"यंत्रं संपली तर संपली. मी का परत येईन?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हळूहळू तिच्या शेजारी, त्याच पायरीवर बसला. म्हणाला, नीट सांग, मला सुतावरून स्वर्ग गाठायची सवय आहे, नंतर पडायला होतं. तो 'सांग' म्हणाला होता, 'सांगा' नाही. तिनं ते ऐकलं आणि मनाशी ठेवून दिलं.

"अण्णांना विचारावं लागेल आज," ती म्हणाली.

"काय विचारणार?"

"ते माझ्याबरोबर समुद्राकाठी राहायला येतात का." तिनं पदराची कड बोटाभोवती गुंडाळली आणि सोडली. "माझं विचारायचं काही राहिलेलं नाही. माझं ठरलंय."